साचेखात्याच्या दारात

परीक्षा संपल्या की मुंबई रिकामी होते, असं मी म्हटलं की माझा मुलगा हसतो. त्याने मुंबई कधी रिकामी झालेली पाहिलीच नाही. आमचा मजला मात्र अजून होतो. एप्रिलच्या अखेरीला कुणी महाबळेश्वरला जातं, कुणी परदेशी लेकीकडे, आणि जाताना सगळे आपापल्या किल्ल्या माझ्याकडे ठेवून जातात. मी कुठेही जात नाही हे सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे. रोज सकाळी मी या घरातून त्या घरात कुंड्यांना पाणी घालत फिरतो. बंद घराला एक वास असतो, आणि कुणाचंही घर असलं तरी तो सारखाच असतो. बायको होती तेव्हा म्हणायची, नोकरी संपली आणि तुम्ही फुकटचे माळी झालात. आता तसं चिडवणारंही कुणी नाही.

खाली नाक्यावर बांबू उभे राहिलेत. महाराष्ट्र दिनाची तयारी. दुपारी लाउडस्पीकर तपासणाऱ्याचा आवाज वर येतो, मग तोही जेवायला जातो आणि रस्त्यावर ऊन तेवढं उरतं. या दिवसांत मला घरात बसवत नाही आणि बाहेर जाववत नाही. हातात पेपर घेतला तरी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते. राज्य झालं त्या वर्षीचा उन्हाळा डोक्यात येऊन बसतो. आपल्याला न विचारता येणारा पाहुणा लवकर जातही नाही.

आम्ही तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचो. एक खोली, बाहेर लांबच लांब पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला सगळ्यांचा मिळून नळ. मी मॅट्रिकला बसलो होतो. परीक्षा संपली आणि आई धाकट्या बहिणीला घेऊन साताऱ्याकडे गावी गेली. आईच काय, अख्खी चाळ गेली. गिरणगावात तेव्हा तशीच रीत होती. शाळेला सुट्टी लागली की बायका-मुलं गावाला जायची आणि खोल्यांत पुरुष तेवढे राहायचे. नळावरची भांडणं बंद व्हायची. पॅसेजमध्ये वाळत घातलेली लुगडी नाहीशी व्हायची आणि त्या जागी धोतरं आणि बनियन दिसायचे. स्टोव्हच्या आवाजावरून कळायचं की कुणीतरी भात टाकला. दुपारी वारा फिरला की कोळीवाड्याकडून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, आणि त्या वासाने भूक लागायची तेव्हा घरात कालचं पिठलं असायचं.

तोवर अभ्यास होता. अभ्यास होता तोवर मी कुणीतरी होतो. चाळीतली माणसं माझ्या खोलीवरून जाताना आवाज खाली करायची, शेजारची आजी माझ्यासाठी दिव्यात तेल आहे का विचारायची. पेपर संपले आणि मी एकदम कुणीच नाही असा झालो. निकाल जूनमध्ये. तोवर मी विद्यार्थी नव्हतो आणि कामगारही नव्हतो. माझे वडील, आबा, गिरणीत पहिल्या पाळीला गेले की खोलीत मी आणि भिंतीवरच्या दोन तसबिरी, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. आम्ही दीक्षा घेतली त्याला काही वर्षं झाली होती. जुने देव गेले होते आणि त्यांच्या फळीवर माझी पुस्तकं आली होती. पुस्तकांकडे बघवत नव्हतं. मी खिडकीत बसून समोरच्या चाळीची खिडकी बघायचो. तिथेही एक मुलगा बसलेला असायचा. आम्ही एकमेकांना कधी हात केला नाही.

गावी निघताना आईने मला समोर उभं केलं होतं. आबा तिथेच होते, पण बोलणं माझ्याशी चाललं होतं. "माझ्या लेकरानं गिरणीचं त्वांड बघायचं न्हाई," असं ती म्हणाली, आणि ट्रंकेचं कुलूप ओढून बघितलं. तिचा हिशेब सरळ होता. मुलगा पास होणार, फोर्टात कुठल्या तरी कचेरीत लागणार, डोक्यावर पंखा असणार, आणि संध्याकाळी घरी येताना त्याच्या केसांत कापूस नसणार. आबा काही बोलले नाहीत. आबांचं न बोलणं हे होकार समजायची आईला सवय होती. ती सवय चुकीची होती, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

आबांच्या मनात दुसरंच होतं, आणि ते समजायला गिरणी थोडी समजावी लागते. गिरणीत एका बाजूने कापूस शिरतो आणि दुसऱ्या बाजूने कापड निघतं. मधल्या बहुतेक खात्यांत आमची माणसं होती. आम्ही म्हणजे आधीचे महार, आता बौद्ध. आबा रिंगखात्यात होते, जिथे सूत निघतं. पण त्या सुताचं जिथे कापड होतं त्या साचेखात्यात आमचं कुणी नव्हतं, आणि पगार तिथेच चांगला होता. कारण काय, तर धोटा. आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणाऱ्या या लाकडी धोट्यात सुताची नवी कांडी बसवली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी विणकर भोकाला तोंड लावतो आणि श्वास आत ओढतो. धागा तोंडात येतो. तोच धोटा पाळी बदलली की दुसऱ्याच्या तोंडाला लागतो. आता आमच्या तोंडचा धोटा त्यांनी तोंडाला कसा लावायचा? आम्ही कातलेलं सूत चालत होतं, त्याला आमच्या हातांचा घाम लागला असला तरी. तोंड तेवढं चालत नव्हतं. नियम कुठे लिहिलेला नव्हता. कायद्याने दार केव्हाच उघडलं होतं, माणसांनी ते आतून लावून घेतलं होतं. दुसऱ्या काही गिरण्यांतून ते सुटत चाललंय असं ऐकू यायचं. आमच्या गिरणीत सुटलं नव्हतं.

आबा तरुण असताना हातगाडीवर होते. सुताच्या गाड्या साचेखात्याच्या दारापर्यंत ढकलत न्यायच्या आणि दारात सोडायच्या. आतला माणूस गाडी ओढून घ्यायचा; आबा कोण हे आतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची उमेदीची वर्षं त्या उंबऱ्याच्या अलीकडे गेली. यावर ते कधी चिडून बोलल्याचं मला आठवत नाही. माणसाला जे रोज दिसतं त्यावर तो रोज कुठून चिडणार. पण मी जन्मलो तेव्हा ते कुणाला तरी म्हणाले होते की हा पोरगा त्या दारातून आत जाईल. आईला हे ठाऊक नव्हतं. किंवा ठाऊक होतं आणि म्हणूनच ती जाताना तसं बोलली.

आता मी स्वतः बाप आहे, आजोबाही आहे, म्हणून सांगतो. मुलांसाठी आपण जे स्वप्न बघतो ते त्यांच्या मापाचं कधीच नसतं. ते आपल्याच अंगावरून उतरवलेलं असतं. आईला कापूस नको होता, आबांना दार हवं होतं. दोघांनाही वाटत होतं की आपण जे सोसलं ते या पोराच्या वाटणीला येऊ नये. दोघांचं प्रेम खरं होतं आणि त्या दोन प्रेमांच्या मध्ये मी उन्हाळाभर एकटा बसलो होतो.

भिकाजीकाका आबांचे दोस्त. मालवणकडचे मराठे, साचेखात्यातले जुने विणकर, राहायला लालबागला. एरवी रिंगखात्यातला आमचा माणूस आणि साचेखात्यातला त्यांचा माणूस यांची दोस्ती होण्याचं कारण नव्हतं. ती संयुक्त महाराष्ट्राने करून दिली. लढ्याच्या पहिल्या वर्षांत एका मोर्चात अश्रुधूर सोडला आणि आबांचे डोळे गेले असं त्यांना वाटलं. तेव्हा कुणी तरी त्यांना धरून एका जिन्याखाली ओढलं, स्वतःचं मुंडासं नळाखाली भिजवलं आणि ते आबांच्या तोंडावर दाबून धरलं. डोळे उघडले तर समोर भिकाजीकाका. त्या दिवसापासून सभेला दोघं बरोबर. काका आमच्या खोलीवर यायचे, चहा घ्यायचे. जेवायला मात्र कधी थांबले नाहीत. आम्हीही आग्रह केला नाही. काही गोष्टींना दोन्ही बाजूंनी हात लावायचा नाही, असं न ठरवता ठरलेलं असतं.

काकांची एक गंमत होती. साचेखात्यात शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालतात, तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. त्यामुळे विणकर ओठ वाचतात. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाशी नुसते ओठ हलवून घरच्या गप्पा मारतो. काका शिवाजी पार्कच्या सभेत आम्हाला घेऊन पुढे बसायचे आणि व्यासपीठावरचे पुढारी आपसांत काय कुजबुजताहेत ते आम्हाला सांगायचे. सगळं मैदान घोषणांनी दणाणत असायचं आणि काका गंभीरपणे म्हणायचे, "तो म्हणता, चाय थंड झाली." आबांना हसू आवरायचं नाही. आबांना वाटायचं ही काकांची एकट्याची करामत आहे. साचेखात्यातल्या सगळ्यांनाच हे येतं, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. यायचं कसं, ते कधी आत गेलेच नव्हते.

आणि मग राज्य झालं. त्या दिवसांत गिरणगावात जे वातावरण होतं ते मी आज कुणाला समजावून देऊ शकत नाही. चाळीचाळींवर पणत्या. ज्या माणसांना वर्षानुवर्षं कुणी काही दिलं नव्हतं, ती माणसं एकमेकांना पेढे वाटत होती. सगळे म्हणत होते की आता कष्टकऱ्यांचं राज्य आलं. कुणी म्हणायचं आता गिरणीच्या मालकाचं पोर आणि आपलं पोर एका बाकावर बसणार. मोठ्या माणसांना इतकं भाबडं झालेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. मला त्यांची कीव येत नाही. त्यांनी मार खाल्ला होता, त्यांच्यातली माणसं गेली होती, आणि त्या बदल्यात स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. जे मागितलं ते पोरांसाठी.

मी मात्र त्या पणत्यांत एकटाच हिंडलो. आबा आणि काका पुढे चालले होते, त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं आणि मध्येच ते मागे वळून माझ्याकडे बघत होते. घरी आल्यावर आबांनी मला सांगितलं. काम शिकायला नात्यातल्या पोराला आपल्या साच्यावर उभं करायची साचेखात्यात पद्धत होती. काका मला उभं करणार होते. जमलं तर बदली कामगारांत नाव लागेल, मग कायम. निकाल काही का लागेना. आईचं काय, असं मी विचारलं. आबा म्हणाले, आईला मी सांगेन. नात्यातल्या पोराला, हे शब्द माझ्या लक्षात राहिले होते. मी त्याबद्दलही विचारलं. तेव्हा ते स्टोव्हला पंप मारत बसले.

काकांनी मला भाचा म्हणून न्यायचा मार्ग काढला होता. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, विचारणार, पोरगा कोणाचा. "माझ्या भयणीचो झील म्हणान सांगतंय. कोण इचारूक येता?" असं ते आबांना म्हणाले होते, आणि ते पोटातून म्हणाले होते, त्यात खोट नव्हती. एकदा पोरगा कामाला लागला, हात बसला, की मग हळूहळू कळलं तरी कोण काढतोय. आबांनी ते कबूल केलं. मला सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. स्टोव्ह पेटला, त्यावर पातेलं चढलं, आणि मग ते म्हणाले, "तिथं मला आबा म्हणू नगंस."

मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाखवायला जागा नव्हती. खोली एकच. मी नळावर जाऊन उगाच तोंड धुतलं. बापाने मुलासाठी काय काय सोडलं याच्या गोष्टी आपण ऐकतो, जेवण सोडलं, झोप सोडली, विडी सोडली. माझ्या बापाने बापपणच सोडलं, काही दिवसांपुरतं का होईना. आणि तेही ज्या दारातून मी त्यांचा मुलगा म्हणून आत जावं असं त्यांना जन्मभर वाटत होतं, त्याच दारासाठी.

इथे मला माझ्या मुलाचं घर आठवतं. का ते सांगतो. तो राहतो लोअर परळला, एका उंच इमारतीत, जी एका गिरणीच्या जागेवर उभी आहे. आमची गिरणी नव्हे, तिच्या शेजारची. घर सुंदर आहे. वर गेलं की समुद्र दिसतो आणि खाली काही दिसत नाही. त्या इमारतीत घरकाम करणाऱ्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे. एकदा मी खाली उभा होतो आणि मुलाकडे काम करणाऱ्या संगीताबाई त्या लिफ्टमध्ये शिरत होत्या, म्हणून मीही त्यांच्याबरोबर शिरू लागलो. वॉचमन धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, ती लिफ्ट तुमची नाही." किती आदराने म्हणाला. मी मुलाला वर जाऊन सांगितलं. तो वाईट माणूस नाही. संगीताबाईंच्या मुलीची फी तोच भरतो, आणि कुणाला सांगत नाही. तो म्हणाला, बाबा, सोसायटीचा नियम आहे, मी एकटा काय करणार. माझी नात तिथे बसली होती. तिने विचारलं की संगीताबाईंची मुलगी मोठी झाली आणि इथे राहायला आली तर ती कुठल्या लिफ्टने येईल. मुलगा म्हणाला, अर्थात आपल्या. नातीचं समाधान झालं. माझं झालं नाही. तिथून घरी आलो आणि संध्याकाळी मजल्यावरच्या सगळ्या कुंड्यांना पुन्हा पाणी घातलं.

असो. तर तो दिवस.

आबांनी मला त्यांचा धुतलेला सदरा दिला. आम्ही बरोबर निघालो, पण गिरणीच्या फाटकाच्या अलीकडे ते पुढे झाले आणि मी काकांबरोबर मागे राहिलो. साचेखात्यात शिरल्यावर पहिल्यांदा आवाज अंगावर आला. तो कानाला नाही, छातीला लागतो. पायाखालची फरशी थरथरत होती. हवा दमट, कारण कोरड्या हवेत धागा तुटतो. दिव्यांभोवती कापसाची धूळ. ज्या जागेबद्दल मी जन्मभर ऐकलं होतं ती जागा अशी होती, आणि पहिला विचार मनात आला तो असा की इथून बाहेर कधी पडायला मिळेल. जॉबर आला. त्याच्या ओठांवरून मला काही कळलं नाही, पण त्याने भुवईने माझ्याकडे खूण केली आणि काकांनी छातीवर हात ठेवून ओठ हलवले. जॉबरने मान डोलावली आणि गेला. तेवढ्यावर मी भाचा झालो.

काकांनी मला दाखवलं. कांडी अशी, धोटा असा. मग त्यांनी धोटा माझ्या हातात दिला. तो जड होता, गुळगुळीत, दोन्ही टोकांना लोखंड. मी भोकाला तोंड लावून श्वास ओढला. पहिल्यांदा काही आलं नाही. पुन्हा ओढला आणि धागा जिभेवर आला, त्याच्याबरोबर कापसाचा बारीक कण घशात गेला आणि मी खोकलो. समोरच्या साच्यावरचा विणकर हसला. चांगलं हसला. सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं, असा त्याच्या हाताचा इशारा होता. काकांनी धोटा साच्यात घातला आणि साचा चालू केला. पुढची कांडी मी जरा बरी ओढली. त्याच्या पुढची आणखी बरी. मला आवडू लागलं, हे खरं सांगतो. सतरा वर्षांच्या पोराला कोणतंही मोठ्या माणसाचं काम जमलं की आवडतं.

दुपारच्या सुमाराला मी नवा धोटा तोंडाला लावला आणि मान वर केली, तर दारात आबा. रिंगखात्यातून चहाच्या सुट्टीत आले होते. उंबऱ्याच्या अलीकडेच उभे होते, पूर्वी गाडी सोडायचे तिथे. खांद्यावर कापूस. ते माझ्या तोंडातला धोटा बघत होते. त्यांचा चेहरा मी तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता आणि पुढेही नाही. माणूस दुखण्यातून उठल्यावर पहिल्यांदा बाहेरचं ऊन बघतो, तसं ते बघत होते. मग त्यांचे ओठ हलले. ते कुणाला काही सांगत नव्हते. एवढ्या आवाजात स्वतःशी बोललं तर कुणाला ऐकू जाणार, असं त्यांना वाटलं असणार. ते फक्त स्वतःला सांगत होते.

समोरच्या विणकराचा साचा थांबला. मग त्याच्या शेजारचा. मग आमच्या ओळीतला पलीकडचा. भोवती सगळं खातं दणाणत होतं आणि मध्ये आमच्यापुरतं एक तळं शांत झाल्यासारखं झालं. मला काही कळेना. समोरचा आता हसत नव्हता. त्याने काकांकडे बघून ओठ हलवले आणि माझ्या हातातल्या धोट्याकडे बोट केलं. काकांनी दाराकडे पाहिलं. आबा अजून तसेच उभे होते, तेच पुन्हा पुटपुटत. मग काका माझ्या कानाशी आले आणि ओरडून म्हणाले, "तुझो बापूस म्हणता, ह्यो माझा पोरगा."

जॉबर येताना दिसला. थांबलेल्या साच्यांवरची माणसं काकांकडे बघत होती. मी धोटा हातात धरून उभा होतो, माझ्या तोंडाने ओला झालेला, धागा बाहेर लोंबणारा. काकांनी तो माझ्या हातातून घेतला. आणि थांबले. त्यांनी लगेच केलं असं मी पुढे लोकांना सांगत आलो, पण तसं नव्हतं. ते धोट्याकडे बघत राहिले. अश्रुधुरात ओलं मुंडासं दाबायला त्यांना जेवढा वेळ लागला असेल त्याहून पुष्कळ जास्त वेळ त्यांना इथे लागला. मग त्यांनी लोंबता धागा तोडून टाकला, भोकाला तोंड लावलं, श्वास आत ओढला, आणि धागा ओठांत धरून तो धोटा समोरच्या माणसाला दिसेल असा वर केला. साच्यात घातला. साचा चालू केला. माझ्याकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने समोरचा साचा चालू झाला. मग बाकीचे. जॉबर काकांच्या खांद्याशी येऊन काहीतरी बोलून गेला. काकांनी पाळी संपल्यावर सांगितलं, तो म्हणाला की उद्या आणू नकोस, चार दिवस जाऊ देत. काका म्हणाले, चार दिवसांनी मी बघतो, मी आहे. ते खरोखर बघणार होते. आबांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि सोडले. दुपारी दारातून आबा केव्हा गेले होते हे मी पाहिलं नव्हतं.

आम्ही दोघं चालत वरळीकडे निघालो. सकाळी वेगळे शिरलो होतो, आता बरोबर चाललो होतो. आबा खाली बघत चालत होते. मला वाटलं ते स्वतःवर चिडलेत, आपलं तोंड उघडलं म्हणून. मी म्हटलं, चार दिवसांनी जातो मी, मला जमतंय. ते म्हणाले, नको. निकालाची वाट बघ, तुझ्या आईचं ऐक. त्यात राग नव्हता. मी दुपारपासून अधूनमधून खोकत होतो आणि चालताना पुन्हा खोकलो, तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. पुढे मी पास झालो, कचेरीत लागलो, डोक्यावर पंखा आला. साचेखात्याचं दार यथावकाश सगळ्यांना उघडलं, धोट्याला तोंड लावावं लागणं बंद झालं, मग साचेच बंद झाले. काका आणि आबा दोघंही खोकत गेले, एक एका खात्यातून, दुसरा दुसऱ्यातून. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही समुद्राच्या बाजूने चाललो होतो. वारा सुटला होता आणि रस्त्यावर आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. आबांनी हात काढून घेतला.

"चव कशी असती रं?"

"कशाची?"

"त्या धाग्याची."

मी आठवून बघितलं. तोंडात अजूनही ते होतं. त्यांना काहीतरी चांगलं सांगावं असं फार वाटलं, पण खोटं सुचेना.

"कसलीच न्हाई, आबा."

ते थांबले. मी काहीतरी लपवतोय की काय, असं माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"कसलीच न्हाई?" ते म्हणाले. "मग एवढी वर्सं कशापाई रं?"